दस्त्याची खालची बाजू

"घाबरू नका, मेलेली आहे," असं म्हणत सुभेदारांनी घोंगडं उलगडलं आणि आमच्या कापड बेतायच्या टेबलावर बंदूक ठेवली.

आमचे हे तेव्हा कुणाच्या तरी लग्नाच्या सफारीला बाही लावत होते. मशीनवरचा पाय तसाच थांबला. दुकानात बसलेलं गिऱ्हाईक माप न देताच "येतो नंतर" म्हणून उठलं.

"मेलेली म्हणजे?" ह्यांनी विचारलं.

"नळीत वेल्डिंग, घोडा जाम. हा पोलीस ठाण्याचा कागद, हा पलटणीचा. हिच्यातून गोळी सुटण्याआधी तुमच्या शिलाई मशीनमधून सुटेल. लाकडाचं काम करणाऱ्या बाई त्या ह्याच का?"

ती मी. रेळेकर टेलर्सच्या मागच्या पडवीत मी जुन्या लाकडाला पॉलिश करत असे. कुणी शिकवलं नव्हतं. सासूबाईंचं एक कपाट बिघडवून शिकले, दुसरं बिघडवून सुधारले, आणि तिसऱ्या कपाटापर्यंत कोरेगावात माझं नाव झालं. पाळणे, देव्हारे, पेटीची झाकणं असलं काम यायचं. बंदूक पहिल्यांदाच.

"सुताराकडे नाही नेली?" मी विचारलं.

"तीन सुतार झाले. एक म्हणाला नवा दस्ता करून देतो. एक म्हणाला सनमायका लावू. तिसरा पळाला." सुभेदारांनी बंदुकीच्या लाकडावर हात ठेवला. "मला हाच दस्ता पाहिजे, ताई. हेच लाकूड. पण आरशासारखं."

सुभेदार रंगराव शेडगे, जायगव्हाणचे. सत्तरीला आलेले, पाठ मात्र अशी की मागे भिंत नसतानाही भिंतीला टेकून उभे आहेत असं वाटावं. जायगव्हाण हे फौजी गाव. घरटी एक माणूस सैन्यात. ही बंदूक पलटणीनं गावाच्या हायस्कुलाला कवायतीसाठी दिलेली, आणि पुढे शाळेच्या हॉलमध्ये भिंतीतल्या दोन खुंट्यांवर आडवी ठेवलेली. तिच्या वरती दगडी पाटी. पाटीवर लढाईत गेलेल्यांची नावं.

"सात नावं आहेत," सुभेदार म्हणाले. "बासष्टचा एक, पासष्टचे दोन, एकाहत्तरचे तीन." त्यांचा हात पुन्हा दस्त्यावर गेला. "आणि तीन वर्षांपूर्वीचा एक. तो आमचा विलास."

ह्यांनी मशीनवरचा पाय खाली घेतला आणि सुभेदारांसाठी खुर्ची पुढे केली.

"दसऱ्याला कर्नलसाहेब येणार आहेत. हॉल नवा रंगवलाय. काचेची पेटी करून घेतलीय, कुलपासकट. आतापर्यंत पोरं तिच्यावर दप्तरं अडकवायची, धूळ, पाली. आता बास. पेटीत ठेवली की पुन्हा कुणाचा हात लागायचा नाही. मला अष्टमीला पाहिजे."

सतरा दिवस होते. मी हो म्हटलं.

लाकूड अक्रोडाचं होतं, पण ते कळायलाच दोन दिवस गेले. कुणीतरी देशभक्त मास्तरांनी तिला तपकिरी ऑइलपेंट फासला होता, एकदा नव्हे, तीनदा. तो मी उतरवला. काचेच्या तुकड्यानं हळूहळू खरवडत खरं लाकूड वर आणलं. ठिकठिकाणी पोचे होते, त्यांच्यावर ओलं फडकं ठेवून गरम इस्त्री टेकवली. वाफ आत गेली की दबलेलं लाकूड फुगून वर येतं. ह्यांची इस्त्री मी त्यासाठी पळवायचे, आणि बाहेरून आवाज यायचा, "अगं, त्या बंदुकीची पँट झाली असेल तर माझ्या गिऱ्हाइकाची करू का?"

सोमवारी कोरेगावचा बाजार. त्या दिवशी दुपारी पडवीच्या पायरीवर एक बाई येऊन बसल्या. डोक्यावरून पांढऱ्या जुनेराचा पदर, पुढ्यात लसणाची रिकामी पाटी. मला वाटलं पाणी मागायला आल्या असतील. मी तांब्या दिला. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि टेबलाकडे बघून म्हणाल्या, "ही आमची."

"जायगव्हाणच्या का तुम्ही?"

"व्हय. येसू म्हणत्यात." उठून जवळ आल्या. लाकडाला हात लावला नाही, नुसतं वाकून बघितलं. "लई गोरी केलीस की गं तिला."

"अजून व्हायचीय. तेल लागलं की खुलेल."

"खालच्या अंगाला हात लावलास का?"

"अजून नाही. उद्या."

"नको लावू."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय?"

"वरनं काय करायचं ते कर, बाय. खालनं र्‍हाऊ दे हाय तसं."

"का?"

त्यांनी कंबरेची चंची काढली, तंबाखू मळली, दाढेखाली धरली.

"आजी, सुभेदारांनी आरशासारखी करायला सांगितलीय," मी म्हटलं. माझा स्वर जरा वाकडा लागला असणार. बिनशिक्षणाची कारागीर होते मी. माझ्या कामात कुणीही शहाणपण शिकवलं की मला झोंबायचं, मग तो शहाणा असो की लसूणवाला. "अर्धवट काम मी देत नाही."

"सुभेदार व्हय," त्या म्हणाल्या. पाटी डोक्यावर घेतली आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी मी बंदूक उलटी केली.

दस्त्याच्या खालच्या कडेला, पट्टा अडकवायच्या कडीच्या जरा पुढे, रंग उडालेला होता. खुंटीवर घासून गेला असावा. आणि त्या उघड्या लाकडात डाग होते. लालसर, काळपट, तेलकट. पहिल्यांदा माझ्या मनात जे आलं ते सांगायला आज लाज वाटते. मी ओरडले, "अहो, रक्त!"

हे गळ्यात टेप घेऊनच धावत आले. चष्मा कपाळावरून खाली ओढून बघितलं. "इतकी वर्षं रक्त लाल राहतं होय? काळं पडतं. गंज असेल. कडी लोखंडाची आहे ना."

पटण्यासारखं होतं. गंजाच्या डागाला आपण घरात काय करतो? लिंबू. मी आत जाऊन लिंबू कापून आणलं आणि कडेच्या डागावर फोड घासली. तो डाग सगळ्यांत पातळ दिसत होता, म्हणून आधी तोच धरला.

डाग पिवळा झाला.

गेला नाही, फिकटही झाला नाही. माझ्या बोटाखाली लालाचा पिवळाधमक झाला. हळदीसारखा. मी बोट नाकाशी नेलं. लिंबाच्या वासाखाली मेणाचा वास होता.

हळदीचा हात साबणाला लागला की लाल होतो आणि लिंबानं पुन्हा पिवळा, हे मला कुणा पुस्तकानं सांगायला नको होतं. लाकूड होतं, डाग होता, त्यात हळद होती. गंज नव्हे, कुंकू होतं ते. घरी केलेलं, हळदीचं, मेणावर लावतात तसं.

मला आधी वाटलं, खंडेनवमीला पुरुष शस्त्रपूजा करतात, त्यातलंच असेल. पण पूजेचं कुंकू वरती लावतात, समोरून, दिसेल असं. हे खाली होतं. बंदूक खुंटीवर आडवी असताना हा भाग कुणाला दिसणार? उभ्या माणसाला नाहीच. वाकून जमीन झाडणाऱ्यालाच.

मी दस्ता उजेडात धरला आणि नीट बघितलं. डाग नव्हते ते, बोटं होती. एकाला लागून एक, ओळीनं. मी मोजली.

लिंबाची फोड मी अंगणात फेकून दिली आणि पुढच्या सोमवारपर्यंत त्या बंदुकीच्या खालच्या अंगाकडे फिरकले नाही.

सोमवारी सकाळपासून मी पायरीवर. ह्यांनी दोनदा विचारलं, "कुणाची वाट बघतेस?" लसणाच्या पाट्या घेऊन दहा बायका गेल्या. अकरावी येसूबाई. आपणहून थांबल्या नसत्या. मी हाक मारली.

"आजी, माझ्याकडून चुकलं."

त्यांनी पाटी खाली ठेवली. मी बंदूक उलटी करून दाखवली. सहा लाल बोटं, आणि कडेला एक पिवळं.

येसूबाईंनी वाकून ते पिवळं बोट बघितलं. मग विचारलं, "काय लावलंस?"

"लिंबू."

"शाणी हायेस." रागानं म्हणाल्या की हसून, मला कळलं नाही. "अरुणाचं पुसलंस. सगळ्यांत बारकी आमची."

"अरुणा म्हणजे?"

"सुभेदाराची सून. विलासची." त्या पायरीवर टेकल्या. रस्त्याकडे बघून बोलायला लागल्या, जसं काही लसणाचा भाव सांगताहेत.

"पैलं बोट माझं. पासष्ट साल. एकोणीस वर्साची हुते. तार आली, माणूस न्हाई आलं. सासूनं कपाळ पुसलं, बांगड्या फोडल्या, समदं रीतीपरमानं. करंडा तेवढा मी वच्यात लपवला. का लपवला म्हनशील तर ठावं न्हाई. वढ्यात टाकून देऊ म्हनलं, तर टाकवंना. मग नवमी आली. पुरुषमानसं पुजेला यायच्या आधी शाळंचा हाल झाडायचं काम आमा रांडमुंड बायकांकडं. बाकीच्या बायका घरला पुरनाच्या गडबडीत. मी वाकून झाडीत हुते. मान वर केली तर ही वर. फोटोत मालकाच्या खांद्याला असलीच हुती."

"मग?"

"मग काय. बोट लागलं."

आत ह्यांचं मशीन थांबलं होतं. येसूबाईंना ते कळलं नाही, किंवा कळूनही चाललं.

"दुसऱ्या वर्सी बगितलं तर शेजारी आनीक एक बोट. कुनाचं ते कुनी बोललं न्हाई. झाडता झाडता कुनाचा हात तितं थांबतो त्यावरनं वळखायचं. मग करंडा मीच न्यायला लागले, समद्यांसाठी. जिची तिची जागा ठरल्याली. दर नवमीला त्याच जागंवर. आपल्या कपाळाला लावायचं न्हाई, तर तिच्या तरी." त्यांनी पदरानं नाक पुसलं. "अरुणा तीन सालामागं आली. पैल्या वर्सी नुसती झाडत र्‍हायली. मीच तिचा हात धरला."

"पुरुषांना ठाऊक नाही?"

"ते वाकत्यात कवा?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. "मग माझ्याकडे का आलात? सुभेदारांना सांगायचं ना, राहू द्या म्हणून."

"काय सांगू त्यास्नी? तुमची सून काय करती ते? आन् सांगितलं की त्ये ग्रामसभंत जातंय. मग ठराव हुतोय. मग फोटू." त्या उठून टेबलापाशी आल्या. "डाग गेला तर गेला गं. डागाचं एवढं न्हाई. नवं लावता येतंय. पर ती काचंची पेटी. कुलूप. नवमीला आमी कुटं जायचं?"



येसूबाईंनी चंची सोडली. मला वाटलं तंबाखू. त्यांनी चुन्याची डबी काढली, करंगळीच्या नखानं थेंबभर चुना घेतला आणि त्या पिवळ्या बोटावर हलकेच फिरवला.

आमच्या डोळ्यांदेखत ते पुन्हा लाल झालं.

"हळद कुटं जातीय," त्या म्हणाल्या. "आमी बी कुटं जातोय."

अष्टमीला सुभेदार आले ते इस्त्रीचे कपडे घालून. मी बंदूक टेबलावर तयार ठेवली होती, वरची बाजू वर. अक्रोड मधासारखा दिसत होता. ते नुसते बघत राहिले. मग टाचा जुळवल्या. बंदुकीला की मला, ते सांगता येणार नाही.

"आरसा म्हटलं होतं," ते म्हणाले. "हा त्याहून भारी."

"एक अडचण आहे, सुभेदार."

"बोला."

मी चार दिवस घोकून ठेवलं होतं. "हे लाकूड फार वर्षं पेंटखाली गुदमरलंय. मी जवसाचं तेल जिरवलंय, पण ते पुरत नाही. दर वर्षी पेटीतून काढून हातानं तेल चोळावं लागेल. नाही चोळलं तर भेगाळेल."

"मी चोळीन."

"तुमचा हात नाही चालणार. तळवा उबदार लागतो, आणि बाईचा हात." लाकडाला बाई काय आणि बुवा काय, पण मी पुढे रेटलं. "दार लावून. धूळ चालत नाही. वाळेपर्यंत कुणी आत यायचं नाही."

"वर्षातून एकदा?"

"एकदाच."

"कधी?"

"नवमी बरी. सकाळी, पूजेच्या आधी."

सुभेदारांनी माझ्याकडे बघितलं. उभी नोकरी रंगरूटांच्या सबबी ऐकलेला माणूस. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"किती बाया लागतील?" त्यांनी विचारलं.

"सात."

ह्यांनी मशीन उगाचच चालवलं, बिनकापडाचं.

सुभेदारांचा हात दस्त्याकडे गेला. पकडून उलटी करणार तो तिथंच थांबला. बोटं लाकडावर तशीच राहिली, मग त्यांनी हात काढून घेतला आणि खिशात घातला.

"विलास गेला तेव्हा मी सुनेला म्हटलं होतं," ते हळू म्हणाले. "म्हटलं, पोरी, तुला लावायचं तर लाव, मला काही नाही. घरातल्या बायकांनी माझ्याकडे बघितलं. तिनंही मान खाली घातली." त्यांनी घोंगड्याची घडी सरळ केली. "मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही."

मी घोंगडं उचललं आणि बंदूक गुंडाळायला लागले. ते मदतीला पुढे झाले, पण एकदाही खाली वाकले नाहीत.

"उद्या पहिल्या एसटीनं या," निघताना म्हणाले. "तेल कसं लावायचं ते शिकवायला कुणीतरी पाहिजे."

नवमीला मी जायगव्हाणला पोचले तेव्हा हॉल झाडून झाला होता. काचेची पेटी उघडी होती आणि तिची किल्ली येसूबाईंच्या कंबरेला, चंचीशेजारी.

"सकाळी घरला येऊन दिली," येसूबाई कुजबुजल्या. "म्हनले, वैनी, तेलाचं खातं आता तुमच्याकडं. काय सांगितलंस गं त्यास्नी?"

"तेल लावावं लागतं एवढंच."

सातजणी होत्या. सहा साठीच्या आसपासच्या, आणि एक सव्वीसची, निळ्या साडीतली, मोकळ्या कपाळाची. दार लावलं. बंदूक मधल्या टेबलावर घेतली आणि मी खरोखरच तेल चोळायला शिकवलं. दोन थेंब, तळव्यावर, गरम होईपर्यंत घासायचं. बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "एवढं तेल म्या नवऱ्याच्या पाठीला न्हाई लावलं." दुसरी म्हणाली, "म्हनून तर लढाईवर पळाला." आणि मग सगळ्या इतक्या हसल्या की एकीला भिंतीला धरून बसावं लागलं.

हसणं ओसरलं तशी येसूबाईंनी बंदूक उलटी केली आणि ओच्यातून करंडा काढला.

माझ्या कपाळावरची टिकली मला एकदम फार मोठी वाटायला लागली. मी बाजूला होऊन दारापाशी जाऊन उभी राहिले. दाराच्या फटीतून बाहेरचं दिसत होतं. पायरीवर सुभेदार उभे होते. छातीवर पदकं, पाठ दाराकडे, तोंड रस्त्याकडे.

बाहेर चपलांचा आवाज आला.

"काय सुभेदार, दार का बंद?" सरपंचांचा आवाज. "पूजेचं ताट आलंय."

"तेल ओलं आहे."

"कसलं तेल?"

"बंदुकीचं. वाळेपर्यंत आत जायचं नाही."

"अहो, पण आत बायकांचा आवाज येतोय! बायका काय करतायत बंदुकीपाशी? मी जरा बघतो."

"सरपंच," सुभेदार म्हणाले. "एक पाऊल मागे."

मी वळून बघितलं. सहा बोटं लावून झाली होती. अरुणा टेबलापाशी वाकली होती, बोटावर कुंकू. पण सासऱ्यांचा आवाज ऐकून तिचा हात हवेतच थांबला. तिनं दाराकडे बघितलं, येसूबाईंकडे बघितलं, आणि हात मागे घ्यायला लागली.

"सावकाश होऊ द्या!" बाहेरून सुभेदार मोठ्यानं म्हणाले. सरपंच तर हाताच्या अंतरावर उभे होते, त्यांच्याशी एवढं मोठ्यानं बोलायची गरज नव्हती. "पूजा कुठं पळून जात नाही. मी आहे इथं."

अरुणानं डोळे मिटले, आणि तिचं बोट लाकडाला लागलं.